जास्तीची खुंटी

"पहिली खुंटी कुठली, एवढंच सांगा."

"कशाची?"

"घराची, बुवा. कुठून सोडवायला घेऊ?"

सातूबुवा भैरोबाच्या देवळापुढच्या पारावर बसले होते. त्यांनी डोळे किलकिले करून समोरच्या माणसाकडे पाहिलं.

"जेवलास?"

"हो. म्हणजे... ते राहू द्या."

"कुटं जेवलास?"

"स्टँडवरच्या हॉटेलात. मिसळ खाल्ली."

"आसं," म्हणत बुवांनी पुन्हा डोळे मिटले.

विचारणाऱ्याचं नाव निनाद साठ्ये. वय चौतीस. पुण्यात जुनी घरं जपणारी एक संस्था आहे, तिचा हा मुख्य माणूस. वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं ठाऊक होतं, आणि अशा माणसाला दुसऱ्याला विचारायला जाणं फार जड जातं. तो देवळापर्यंत चालत आला होता, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं होतं.

उत्तर देणारे, किंवा न देणारे, सातूबुवा. जातीने आणि हाताने सुतार, ऐंशीच्या पुढचे. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी आपली लाकूड तासायची पटाशी देवळातल्या कोनाड्यात ठेवली आणि स्वतः पारावर येऊन बसले. त्याला दहा वर्षं झाली. गाव त्यांना तेव्हापासून बुवा म्हणू लागलं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही, आणि कधी कीर्तनही केलं नाही.

घर होतं तारक्का गुरवाचं. घाटाच्या पायथ्याशी, खालच्या आळीत. चौदा खांब, मातीच्या भिंती, वर कौलं. भिंती पाडल्या तरी हे घर उभं राहिलं असतं, कारण सगळा भार लाकडावर होता. खांबाचं कोरलेलं टोक वरच्या तुळईच्या खाचेत बसवायचं आणि त्या सांध्यातून आरपार एक लाकडी खुंटी ठोकायची, बस्स. सबंध घरात लोखंडाचा एक खिळा नव्हता. अशा अडतीस खुंट्या होत्या. त्या काढल्या की घर उलगडतं आणि दुसरीकडे नेऊन जसंच्या तसं उभं करता येतं.

आणि न्यायचं तर होतंच. घाटरस्ता रुंद व्हायचा होता. दिवाळी झाली की खालच्या आळीत घरं पाडायचं मशीन येणार होतं, आणि ते काही खुंट्या शोधत बसणार नव्हतं. तारक्काचा वरच्या अंगाला माळ होता. घर तिथं न्यायचं ठरलं होतं. दसरा होऊन दोन दिवस झाले होते.

पण खुंटी निघेना. एकही.

"हातोडी मारून बगितलीस?" बुवांनी डोळे न उघडता विचारलं.

"हळूच."

"मग?"

"हलत नाही."

हे बोलताना निनादचा हात आपोआप खिशावर गेला. खिशात मोडलेल्या खुंटीचा अर्धा तुकडा होता. आदल्या दिवशी त्याने लोखंडी गज लावून तीन घाव घातले होते आणि तिसऱ्या घावाला ती तुटली. अर्धी भोकातच राहिली. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेली वस्तू त्याच्या हातून तीन घावांत गेली होती, आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याला लाज वाटत होती.

"करवत घालू का?" त्याने विचारलं. "सांधे कापले तर घर सुटेल."

"घाल की."

"पण मग ते परत जुळणार नाही!"

"मग नगं घालू."

निनादला राग आला. "बुवा, मी तुम्हाला प्रश्न विचारतोय."

"म्याबी ईचारला. कुटं जेवलास?"

"सांगितलं ना! हॉटेलात!"

"उद्या घरात जेव."

"कुणाच्या घरात?"

"जे सोडवायचं हाय त्या."

निनादने वही काढली, काहीतरी लिहायला घेतलं, आणि काय लिहायचं ते न सुचून परत ठेवून दिली.

तारक्का घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत भाकरी थापत होती. नवरा वारलेला, मुलगी सांगलीला दिलेली. तोंडाने फटकळ. निनादने बुवांचं म्हणणं सांगितलं तशी तिचा हात थांबला.

"घरात जेव म्हनलं?"

"हो."

"घरात शिजवून, का हितनं ताट नेऊन?"

हे निनादला सुचलंच नव्हतं. तो परत देवळात गेला.

"शिजवून," बुवा म्हणाले.

तो परत आला. तारक्का तोवर घराच्या दारात जाऊन उभी होती. कडीला तारेने बांधलेली पाटी होती. तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "वाचा की, सायेब."

"तुम्हाला माहीत आहे त्यात काय आहे ते."

"मला वाचाय येतंय. तुमच्या तोंडनं ऐकू द्या."

निनादने वाचलं. "ही वास्तू संरक्षित आहे. आत राहू नये. आत विस्तव पेटवू नये."

मजकूर त्याचाच होता. तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा इथं आला, तेव्हा काजळीने काळी झालेली लाकडं आणि त्यांच्या खाली पेटलेली चूल पाहून त्याने कपाळाला हात लावला होता. लाकडाच्या घरात उघडा विस्तव! त्याने चूल बंद करवली. काजळी घासून काढवली, लाकडाला वार्निश दिलं, कौलांवर जाड प्लास्टिक अंथरलं, खिडक्याही प्लास्टिकने बंद केल्या. तारक्काला सहा महिन्यांसाठी म्हणून शेजारी पत्र्याची खोली बांधून दिली. संस्थेच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर या घराचा फोटो होता.

"सहा म्हैनं म्हनला हुता," तारक्का म्हणाली. "तीन वरसं झाली. उनाळ्यात पत्र्याखाली भाकरी भाजून बगा एकदा. माझं घर हितं, आन् मी त्येच्या वळचनीला. लई राग येतो मला तुमचा, खोटं कशाला बोलू?"

"चूल पेटवायला मदत कराल का?" निनादने विचारलं.

"न्हाई. तुमी बंद केली, तुमीच पेटवा."

घरात शिरल्यावर ओल्या मातीचा वास आला. वार्निशच्या खाली खांबांवर पांढरे ठिपके उठले होते. हात लावला की तळवा ओला व्हायचा. तीन पावसाळ्यांत जमिनीतून जी ओल वर आली होती तिला बाहेर जायला वाटच नव्हती.

चूल पेटायला तास गेला. सगळं घर धुराने भरलं तेव्हा त्याने खोकत खोकत स्वतःच्याच हाताने खिडक्यांवरचं प्लास्टिक फाडलं. तारक्का दारात हाताची घडी घालून उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं, आणि तिने ते आवरलंही नाही.

संध्याकाळी तो देवळात गेला.

"जेवलो."

"काय?"

"भात. करपला."

"आनि?"

"आणि काय?"

"मला काय ईचारतोस... उद्याबी जेव."

दुसऱ्या दिवशी पिठलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा भात, या वेळी कच्चा. निनादच्या वहीत रकाने होते, त्यांत तो रोजचं काम लिहायचा. काय केलं, कशासाठी केलं. तिसऱ्या दिवशी त्याने पहिल्या रकान्यात लिहिलं 'जेवण'. दुसऱ्या रकान्यात लिहिलं 'कारण अस्पष्ट'.

त्याला आधी वाटलं ही शिक्षा आहे. मग वाटलं, कसली तरी परीक्षा आहे. मग वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय आणि आपण त्याच्या नादी लागून हातातले दिवस घालवतोय. तिन्ही वेळा तो देवळात गेला, आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आला.

"हे कशासाठी चाललंय ते तरी सांगा," चौथ्या दिवशी तो काकुळतीने म्हणाला.

"कितीचं शिजवतोस?"

"माझ्यापुरतं."

"चार मानसांचं शिजव."

"चार माणसं आहेत कुठं?"

"नसू देत. शिजव. आनि दोन येळा. पानीबी तापव, अंघोळीला."

"मी लॉजवर अंघोळ करतो."

बुवांनी नुसतं पाहिलं.

"करतो, घरातच करतो," निनाद म्हणाला. आपण हे का कबूल केलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

आता चूल सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेटलेली राहू लागली. चार माणसांचं अन्न उरू लागलं. वासाने म्हणा, गंमत म्हणून म्हणा, आळीतली माणसं डोकावू लागली. कुणी आमटीत मीठ नाही म्हणून सांगायचं. कुणी लाकडं अशी रचू नकोस म्हणून सांगायचं. पुण्याचा साहेब चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकतोय, हे पाहायला शेजारच्या वाडीतूनही दोघं येऊन गेले.

सहाव्या दिवशी दुपारी तो भांडी घासत होता. वरती कुठंतरी आवाज झाला.

टक.

निनादने वर पाहिलं. काही दिसलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा झाला. मग आणखी दोनदा, दुसऱ्या कोपऱ्यात. राखेचे हात तसेच घेऊन तो देवळाकडे पळत सुटला.

"बुवा! घर तडकतंय! मी म्हणत होतो, विस्तव नको! लाकडं फुटायला लागलीत!"

"किती येळा वाजलं?"

"चारदा!"

बुवांनी बोटं मोजल्यासारखं केलं. त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"मग उद्या गोडाचं कर," ते म्हणाले.

निनाद पायरीवर मटकन बसला. त्याला रडू यायचं बाकी होतं. घर फुटतंय आणि हा माणूस शिरा करायला सांगतोय. तो उठला आणि रवा आणायला दुकानात गेला. दुसरं काय करावं हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या शिऱ्याच्या दिवशी तारक्का घरात आली. आजवर ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहायची.

"सरका," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या हातातून उलथनं काढून घेतलं. "रव्याची माती क्येली पार. दूध तरी तापवलंय का?"

तिने शिरा केला. मग चुलीपाठच्या खांबाला हात लावला. खांब कोरडा होता, आणि वार्निशवर पुन्हा काजळी धरू लागली होती. तळवा तसाच टेकवून ती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"धूर लागला," ती म्हणाली.

निनादने मान खाली घातली. शिरा दोघांनी मिळून खाल्ला.

बाराव्या दिवशी सकाळी सातूबुवा काठी टेकत आपण होऊन आले. देवळापासून घरापर्यंतची वाट त्यांना अर्धा तास पुरली. आत येऊन त्यांनी खांबाला हात लावला. मग गाल लावला. तुळईखाली उभे राहून वर पाहिलं.

"चढ," ते निनादला म्हणाले.

निनाद शिडी लावून वर चढला.

"हातोडी देतोस का रे खालून?" त्याने शिडी धरलेल्या शेजाऱ्याला हाक मारली.

"हातोडी नगं," बुवा म्हणाले. "अंगठा लाव."

"अंगठ्याने निघेल होय!"

"लाव की."

निनादने खुंटीच्या टोकाला अंगठा लावून दाबलं. ती बोटभर मागे सरकली. त्याला खरं वाटेना. त्याने पुन्हा दाबलं. खुंटी पलीकडून निघाली आणि खाली पडली. तारक्काच्या पायाशी.

तो शिडीवर तसाच उभा होता आणि एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात येत होती. लाकडं ओलीने फुगली होती. खुंट्या भोकांत आवळल्या होत्या. बारा दिवसांच्या विस्तवाने ती ओल हटली, लाकूड आकसलं, आकसताना वाजलं. आणि ओल कुणामुळे कोंडली होती, तेही ध्यानात आलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बुवा... हे मीच केलं होतं. तीन वर्षांपूर्वी. मीच घर..."

"जेवलास?" बुवांनी विचारलं.

"अजून नाही."

"आदी जेव."

चार दिवसांत घर उतरलं. आळीतली माणसं मदतीला आली. कौलं, वासे, तुळया, खांब. निनादने प्रत्येक लाकडावर खडूने आकडा घातला. त्याचा हुरूप परत आला होता. एका संध्याकाळी तो देवळात गेला तो वही उघडूनच.

"आता समजलं मला, बुवा. चूल हेच घराचं संरक्षण. धूर, ऊब, माणसांचा वावर. मी यावर लिहिणार आहे."

"समजलं व्हय?"

"हो."

"आरारा," बुवा म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

निनाद वही मिटून परत गेला. नेमकं काय चुकलं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याने पोत्यातल्या खुंट्या मोजल्या. घरात भोकं अडतीस. एक त्याने मोडलेली. म्हणजे पोत्यात सदतीस हव्यात.

अडतीस भरल्या.

त्याने पुन्हा मोजल्या. अडतीस. पोतं उलटं करून, दहा-दहाच्या ओळी लावून मोजल्या. अडतीस, सगळ्या धड. मोडक्या खुंटीचा एक तुकडा खिशात होता, दुसरा त्याने भोकातून गुपचूप काढून घेतला होता. मग ही कुठली? त्याने भोकं पुन्हा मोजली. अडतीसच. तुळयांवरचे आकडे तपासले, वहीतलं चित्र तपासलं. डोकं धरून तो ओट्यावर बसला. आणि कुणाला विचारणार कसं? विचारायचं तर मोडल्याचं सांगावं लागणार होतं.

तारक्का बाजूने जात होती. "काय हरवलं, सायेब?"

"हरवलं नाही. एक जास्त झालीय."

"ती व्हय? ती म्या टाकली पोत्यात. ती काळी बगा." तिने ओळीतून एक खुंटी उचलून दिली. बाकीच्यांहून काळी, जड आणि जाड. "चुलीच्या वर वाशात खोचलेली असायची. तुमच्या मानसांनी घासायला काढली हुती, म्या भांडून परत खोचली."

"कशाची आहे ती?"

"काय म्हाईत. सासू म्हनायची, सगळं जाळलंस तरी ही चुलीत घालू नगंस. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं."

"का ते नाही सांगितलं?"

"तिला तरी कुटं ठावं हुतं?"

निनाद ती खुंटी घेऊन देवळात गेला. बुवांच्या पुढ्यात पारावर ठेवली. मग खिशातून दोन तुकडे काढून तिच्या शेजारी ठेवले.

"मी एक मोडली, बुवा. पहिल्याच दिवशी. गज लावला होता."

"ठावं हाय."

"कसं?"

"खिशावर हात ठिवून बोलत हुतास."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू मोडलीस. मी काय बोलू?"

निनादला फार वाईट वाटलं, आणि खूप हलकंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, हे त्याला उमगेना.

"ही जास्तीची कसली आहे?" त्याने काळ्या खुंटीकडे बोट दाखवलं.

बुवांनी ती उचलली, हुंगली आणि त्याच्या हातात परत दिली.

दिवाळी झाली. खालच्या आळीत मशीन आलं, त्याची घरघर वरच्या माळापर्यंत ऐकू यायची. घराची रिकामी जागा एका सकाळीत सपाट झाली. तारक्का ती पाहायला गेली नाही. तिने माळावर मातीची चूल मांडली होती, डोक्यावर अजून एकही कौल नसताना, आणि तिथं ती माणसांसाठी भाकरी भाजत होती.

खांब उभे राहिले. तुळया चढल्या. एकेक खुंटी आपापल्या भोकात गेली. सदतीस.

एक भोक उरलं. चुलीवरच्या तुळईचं. नेमकं तेच, जिथली त्याने मोडली होती. त्या सांध्यात खुंटी नसेल तर वासे चढवता येणार नव्हते.

निनादने काळी खुंटी भोकाला लावली. मनात त्याने हे आधीच जुळवून ठेवलं होतं. म्हणूनच ती बसली नाही तेव्हा त्याला धक्काच बसला. ती भोकाहून गव्हाभर जाड होती.

"नाही बसत," तो खाली उतरून म्हणाला. "मला वाटलं होतं ही त्यासाठीच असेल. पण ही नाही ती. घराची एक खुंटी मी कायमची घालवली, बुवा."

सातूबुवा बैलगाडीतून वर आले होते आणि दगडावर बसले होते. त्यांनी कमरेच्या पंच्यातून काहीतरी काढलं. कोनाड्यातली पटाशी. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती देवळाबाहेर आली होती.

"तास," ते म्हणाले.

"मी?"

"माजं हात कुटं ऱ्हायल्यात?"

"पण मी कधी तासलं नाही. मला नुसती चित्रं काढता येतात."

बुवांनी पटाशी पुढे केली. हात थरथरत होता. ती पडेल म्हणून निनादने घाईघाईने धरली.

तो मांडी घालून बसला. पहिला घाव उथळ गेला. दुसऱ्याला बोट कापलं. तारक्काने हळद आणून लावली. काळा थर निघाला तशी आत लालसर खैराचं लाकूड दिसू लागलं, कडक, कोरडं. तो पातळ ढलपी काढायचा, शिडी चढायचा, भोकाला लावून बघायचा, उतरायचा. पुन्हा ढलपी. पुन्हा शिडी. दुपार कलली. माणसं जेवून आडवी झाली.

पंधराव्या खेपेला खुंटी अर्धी आत गेली.

"आता हातोडी," बुवा म्हणाले.

त्याने लाकडी हातोडीने दोन ठोके दिले. खुंटी पलीकडून बोटभर बाहेर आली आणि थांबली. निनादने तुळई धरून हलवून पाहिली. घर हललं नाही.

तो खाली आला. हसत होता आणि डोळे पुसत होता.

"कुणी करून ठेवली असेल ती?"

"ज्यानं घर बांदलं त्यानं."

"जाड कशाला ठेवली?"

"..."

"आणि चुलीवर का?"

"..."

"बुवा, शंभर वर्षांपूर्वी त्याला कसं कळलं की मी येऊन मोडणार आहे?"

बुवांनी दगडामागून खैराचा एक हातभर तुकडा काढला आणि निनादच्या मांडीवर ठेवला.

"आता दुसरी कर."

निनादने वर पाहिलं. तारक्काच्या चुलीचा धूर उघड्या तुळयांकडे चालला होता. "पण आता कशाला? अडतीस भोकं, अडतीस खुंट्या. सगळ्या बसल्या."

"जाड ठेव जरा."

"कुणासाठी, बुवा?" निनाद पार गोंधळला होता. "कुणीतरी मोडणार आहे का? कोण? नाव तरी सांगा त्याचं..."

बुवा काठी टेकून उठले.

"तुजं नाव त्येला ठावं हुतं व्हय?"